हितेशचा अंगठा म्हणजे हो

पेण
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय आदेशदादास,

हितेशचा नमस्कार. वहिनींना नमस्कार सांग, ऋत्विकला आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. पिंकीला पंधरा दिवस खोकला होता, आता गेला. आई गावीच आहे. मिठागरावर जाणं तिने सोडलं, पण ऊन तापायला लागलं की तिला घरात बसवत नाही. सकाळी बांधावर जाऊन दुसऱ्यांच्या वाफ्यात मीठ धरलं का ते बघून येते.

पत्र बघून तुला नवल वाटेल. शाळेत मराठीच्या पेपरात लिहिलेलं सोडलं तर हे माझं पहिलंच पत्र, आणि दोन कागद फाडून झालेत. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. मेसेज करायला घेतला की माझाच हात थांबतो.

मिथुन सांगत होता, कॉस्टिक उडालेल्या उजव्या डोळ्याला अजून धुरकट दिसतं आणि वाचायला गेलं की डाव्यातून पाणी येतं. म्हणजे हे वहिनीच वाचून दाखवत असणार. वहिनी, अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

वाल झोडून झाले का? दर जानेवारीत तू आम्हा सगळ्यांना मडक्यात शेंगा भाजून पोपटी खायला निडीला बोलवायचास. यंदा मिथुनने कोलाडला कुणाच्या तरी शेतात घातली. मी गेलो नाही.

प्लान्टमध्ये तुझ्या जागी एक नवीन आलाय. प्रत्येक गोष्ट विचारतो आणि उत्तर वहीत लिहून घेतो, वर समोरच्याची सही मागतो. सगळे त्याला हसतात. मी नाही हसत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. अपघाताच्या चौकशीत मी काय बोललो ते तुझ्यापर्यंत तिखटमीठ लावून आलं असेल, म्हणून मीच सांगतो. त्यांनी तुझा मेसेज मोठा करून, छापून टेबलावर ठेवला होता. "लाईनीतलं कॉस्टिक काढलंस ना? फिल्टर उघडतोय." वेळ तीन बारा. खाली माझा अंगठा, तीन तेरा. साहेबांनी विचारलं, या अंगठ्याचा अर्थ काय? मी म्हटलं, मेसेज पाहिला, इतकाच. काम झालं असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

यात खोटं काय, तूच सांग. आपल्या प्लान्टच्या ग्रुपवर दिवसाला पन्नास अंगठे येतात. सेफ्टीच्या मीटिंगचा मेसेज आला की चौदा अंगठे आणि मीटिंगला तीन माणसं. हरेशचे वडील गेले तेव्हा त्या मेसेजलाही कुणीतरी अंगठाच दाबला होता. त्याने काय आनंद झाला म्हणून दाबला का? बघितलं, कळलं, एवढाच अर्थ असतो त्याचा.

अहवालात 'तपासणी न करता फिल्टर उघडला, कामगाराची हलगर्जी' असं आलंय, ते शब्द माझे नाहीत. मला विचारलं त्याचं मी उत्तर दिलं.

तू म्हणे त्यांना एकच वाक्य सांगितलंस. "हितेशचा अंगठा म्हणजे हो. आठ वर्षं तसंच चालत आलंय." ते कागदावर वाचल्यापासून मला नीट जेवण जात नाही. मनस्वी म्हणते, घरात सारख्या येरझाऱ्या कशाला घालता. काही नाही, म्हणून पुन्हा घालतो.

डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. उत्तराची सक्ती नाही.

तुझाच,
हितेश

*

पेण
बुधवार, १२ मार्च

आदेशदादास नमस्कार.

शनिवारी न राहवून मी मेसेज टाकला, पत्र मिळालं का म्हणून. दोन मिनिटांत तुझा अंगठा आला.

चार दिवस झाले, मी तो अंगठा बघतोय. तीन महिन्यांत तुझ्याकडून आलेलं ते पहिलंच काही. मिळालं, असं म्हणायचंय तुला? की वाचलं, पटलं? की माझंच वाक्य मला परत केलंस, घे, पाहिला, इतकाच? वेल्डिंगच्या ठिणग्या पडतायत आणि मी खिशातून फोन काढून अंगठा बघतोय, असं झालं सोमवारी. सुपरवायझरने दोनदा हाक मारली म्हणे.

शेवटी मनस्वीला दाखवला. ती म्हणाली, पत्र मिळालं असा सरळ अर्थ आहे, त्यात काय शोधताय? मिथुनला दाखवला. तो बघून हसला आणि म्हणाला, तुला ठेंगा दाखवला त्याने. मी त्याच्यावर उगाच चिडलो.

रविवारी गावी गेलो होतो. आई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं नव्हतं मी कधी, एवढंच की कंपनीत दोस्ताला भाजलं आणि आता बोलत नाही. त्या दिवशी तिला फोन दाखवला आणि विचारलं, आये, या अंगठ्याचा अर्थ काय लावशील? तिने फोन लांब धरून बघितला. मग अपघाताचं सगळं विचारून घेतलं, कुणी काय विचारलं, कुणी काय दाबलं. मी सांगितलं, चौकशीत सांगितलं होतं तसंच.

तिने सुकट बाजूला सारली. मग म्हणाली, "तुझ्या शाळंच्या फारमावर मी आंगठा दिला. मना वाचता येत नाय. समोरच्या मास्तरवर इस्वास ठेवून दिला. पन दिला तो दिला, मागनं मी म्हनले नाय का मी निस्ता कागद बघितला. आन तुला त वाचता येतं. तू वाचलं व्हतंस ना?"

मी म्हटलं, नाही आये, घाईत होतो, वाचलं नव्हतं.

ती पुन्हा सुकट निवडायला लागली. जेवून जा म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

म्हणून दादा, पहिल्या पत्रात जे लिहायचं राहिलं ते आज लिहितो. तुझा मेसेज आला तेव्हा मी रोह्यात, प्लान्टच्या जवळपासही नव्हतो. वडखळच्या कोंडीत गाडीवर अडकलो होतो. पिंकीच्या शाळेचं गॅदरिंग होतं, चार वाजता तिचा नाच. सुट्टी मागितली होती, माणसं कमी आहेत म्हणून मिळाली नाही. मी अडीचलाच निघालो. कार्ड मागे राहिलं, ते शिफ्ट सुटताना तीन वाजता कुणीतरी पंच केलं. कोणी ते विचारू नकोस.

पुढे एसटी, मागे कंटेनर, सगळे हॉर्न वाजवतायत, फोनवर ग्रुपचे सतरा-अठरा मेसेज. मी न वाचता एकेकाला अंगठा दाबत गेलो, त्यात तुझाही दाबला गेला. असं झालं ते. चौकशीत हे सांगितलं असतं तर वेळेआधी निघाल्याचं बाहेर आलं असतं, म्हणून 'पाहिला' म्हणालो. चुकलंच.

आता सांगितलं. सांगून मोकळं वाटायला हवं होतं. वाटत नाही, का कोण जाणे.

तुझ्या अंगठ्याचा अर्थ मात्र मला कळव. दोन शब्द चालतील.

हितेश

*

पेण
मंगळवार, २५ मार्च

आदेशदादा,

हे पत्र वहिनी मोठ्याने वाचत असतील. वहिनी, इथून पुढचं वाचणं तुम्हाला जड जाईल. तरी एकही ओळ गाळू नका, एवढी विनंती.

मी मेसेज वाचला होता.

मागच्या पत्रात 'न वाचता' असं लिहिलं, ते टपालपेटीत टाकून घरी पोचेपर्यंतच मला कळलं होतं की हे तिसरं खोटं झालं. चौकशीत एक, आईला एक आणि तुला एक. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा थोडं कमी खोटं बोललो, इतकंच.

अठरा मेसेज आले होते हे खरं, पण ते आदल्या तासातले, ग्रुपवरचे. तुझा वेगळा आला, माझ्या एकट्याच्या नंबरवर, तुझ्या नावाने. एसटीच्या मागे गाडी बंद करून उभा होतो. हेल्मेट काढून आरशावर अडकवलं होतं. पूर्ण वाचला. "लाईनीतलं कॉस्टिक काढलंस ना? फिल्टर उघडतोय."

अडीचला मी पंप बंद केला होता. त्यानंतर खालचा व्हॉल्व्ह उघडून लाईन रिकामी करायची, ते केलं की नाही ते मला आठवेना. लॉगबुकातला तो रकाना मी कोरा ठेवला होता, म्हणूनच तर तू विचारलंस. मी मिनिटभर आठवत राहिलो. हात व्हॉल्व्हवर असल्याचं काही आठवलं नाही.

'थांब' असं लिहायचं होतं. दोन अक्षरं. मी 'था' टाइप केलंही होतं. मग डोक्यात आलं, थांब म्हटलं की तू विचारशील, का, कुठे आहेस? इनचार्जला बोलावशील. मी वेळेआधी निघालोय हे दिसेल, कार्ड पंच केल्याचं निघेल. आणि मनाशी म्हटलं, आदेशदादा जुना माणूस आहे, उघडायच्या आधी बघून घेईलच. 'था' पुसलं. पुढची एसटी हलली, मागून हॉर्न वाजला आणि मी अंगठा दाबला.

तो दाबताना त्याचा अर्थ मला पक्का माहीत होता. तू 'हो' असाच घेणार हे माहीत होतं म्हणूनच दाबला. तू पुढे काही विचारू नयेस, एवढ्यासाठी.

चारला दहा कमी असताना शाळेत पोचलो. पिंकी निळा परकर घालून नाचली. मी उभा राहून शूटिंग घेतलं. नाच अर्ध्यावर आला आणि हातातला फोन थरथरला, मिथुनचं नाव. व्हिडिओ तुटू नये म्हणून मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. तिसऱ्या वेळी उचलला तोपर्यंत तुला गाडीत घालून नेलं होतं.

तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. काल मनस्वीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला आता तो बघता येणार नाही. त्यानंतर पिंकीची वेणी घालायला बसली आणि तीनदा सोडून पुन्हा घातली.

सोमवारी मी कंपनीत नवा जबाब लिहून दिला. वर लिहिलं ते सगळं, व्हॉल्व्हचं, 'थांब'चं, निघालो त्या वेळेचं. नक्कल सोबत जोडली आहे, साहेबांचा सही-शिक्का आहे. आधी मिथुनला सांगितलं होतं. कॅन्टीनमध्ये जेवत होता, ताट तसंच ठेवून उठला. कार्ड त्यानेच पंच केलं होतं. त्याचं नाव मी लिहिलं नाही, पण त्यांना कळायला वेळ लागणार नाही. तो माझ्याशी बोलत नाही.

साहेबांनी जबाब दोनदा वाचला आणि विचारलं, कुणी दबाव आणलाय का? मी नाही म्हटलं. मग म्हणाले, पहिल्या जबाबावर सगळं मिटलं होतं रे, कशाला उकरलंस? मी म्हटलं, माणसाचा डोळा गेलाय साहेब.

कालपासून मला कामावरून थांबवलंय. चौकशी पुन्हा उघडली आहे. गुरुवारी, ३ एप्रिलला, अकरा वाजता दोघांनाही बोलावलंय. तुला वेगळं पत्र येईल. तुझ्या नावावरचा तो हलगर्जीचा शब्द निघेल असं वाटतं, मी तसं मागून घेतलंय लेखी. निघेलच असं सांगू शकत नाही.

आईलाही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आता तेच्या घरी जा." तुझ्याकडे यायला दोनदा गाडी काढली आणि नागोठण्याहून परत फिरलो. तुझ्या अंगणात उभं राहून काय बोलू ते ठरत नाही. तू हाकललंस तर ते चालेल. तू चहा विचारलास तर काय करू, याची भीती जास्त वाटते.

माफी या शब्दाने सुरुवात करणार होतो. पण तो लिहिला की तुला त्यावर काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून आता काही मागायचं नाही असं ठरवलंय. अंगठ्याचा अर्थही नको सांगूस.

हितेश धर्मा म्हात्रे

*

निडी
शनिवार, २९ मार्च

हितेशभाऊजी,

मी रोहिणी लिहितेय. ते सांगतात तसं उतरवते आहे. मध्ये माझं काही आलं तर तुम्हाला कळेलच.

तिन्ही पत्रं पोचली. तिसरं मी 'मेसेज वाचला होता' इथवर वाचलं आणि कागद खाली ठेवला. ते म्हणाले, पुढे वाच, तो एकही ओळ गाळू नका म्हणालाय ना. मग शेवटपर्यंत वाचलं. इथून त्यांचे शब्द.

"हितेश, त्या दिवशी मी पावणेतीनला आलो तेव्हाच तुझी गाडी स्टँडला नव्हती. तू निघून गेलायस हे मला मेसेज टाकायच्या आधीपासून माहीत होतं. चौकशीत मी ते बोललो नाही. मला वाटलं, ते तू सांगशील. आज सांगेल, उद्या सांगेल, असं करत तीन महिने गेले. भाजलेलं दुखतं ते वेगळं. हे रोज सकाळी उठल्या उठल्या दुखायचं.

खालचा व्हॉल्व्ह एकदा उघडून बघायला मला दहा सेकंद लागली असती. मी बघितलं नाही. तेवढं माझं. गुरुवारी मी ते सांगणार आहे. बाकीचं तुझं आहे, ते तू लिहिलंयस.

मी अंगठा दाबला तो पत्र मिळालं म्हणून. उजव्या हाताची बोटं अजून वळत नाहीत, डाव्याने टाइप होत नाही. तेवढंच दाबता आलं. ठेंगा दाखवायचा असता तर पेणला येऊन दाखवला असता."

इथे मी त्यांना विचारलं, माफ केलं असं लिहू का? नको म्हणाले. अजून तसं झालेलं नाही, झालं तर मीच त्याला सांगेन.

पुन्हा त्यांचे शब्द.

"गुरुवारी मला रोह्याला जायचंय. मागच्या वेळी रिक्षाने गेलो तर रिक्षावाला सारखा मागे वळून माझ्या डोळ्याकडे बघायचा. तू गाडी घेऊन ये. नऊ वाजता निडी स्टेशनच्या रस्त्याला मी उभा असेन. काळा चष्मा लावलेला असेल, ओळखशील. येतोस की नाही ते फोनवर कळवू नकोस, मेसेज तर मुळीच नको. आलास तर दिसशील.

रस्त्यात काही बोलायची गरज नाही. हळू चालव. मला एकाच हाताने धरून बसावं लागतं."

आता माझं. भाऊजी, मी इतक्या रात्री ह्यांच्या हाताला औषध लावलंय, मला तुमचा राग आहे आणि तो इतक्यात जाणार नाही. तुम्ही दारात आलात तर पाणी देईन. बोलेन की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

खालची सही त्यांनी स्वतः केली आहे, डाव्या हाताने. अक्षर ओळखू येणार नाही, पण त्यांचीच आहे.

आदेश